सापडलेला रोग आणि वाचलेला माणूस

ऋण, अग्नी, शत्रू आणि रोग ही चार लहान असतानाच निपटून काढावीत, असे नीतिकार पूर्वापार सांगत आले आहेत. वैद्यकाच्या इतिहासात या उपदेशाची प्रचीती पुष्कळदा आलेली आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वावस्था वेळीच ओळखली, तर तो रोग मुळात होऊच न देणे शक्य असते. अशा अनुभवांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'कर्करोग लवकर शोधा' हे जगभर एक घोषवाक्य होऊन बसले. परंतु एक कर्करोग असा निघाला की, त्याने या उपदेशाची फार कठोर परीक्षा पाहिली. तो म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग. या रोगाच्या बाबतीत रोग सापडणे आणि माणूस वाचणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे वैद्यकाला हळूहळू आणि मोठी किंमत मोजून शिकावे लागले. ती किंमत सर्वस्वी वैद्यांनी मोजली असेही नाही; तिचा फार मोठा भाग रुग्णांच्याच वाट्याला आला.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी होय. वीर्यातील द्रवाचा काही अंश ती पुरविते. ग्रीक भाषेतील तिच्या नावाचा अर्थ 'पुढे उभा राहिलेला' असा आहे आणि त्यावरूनच मराठीत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. अष्ठीला हे तिचे दुसरे शास्त्रीय नाव मात्र आयुर्वेदाच्या परंपरेतून आले आहे. मूत्राघाताचे वर्णन करताना सुश्रुताने मूत्राशय आणि मलमार्ग यांच्या मधोमध उठणाऱ्या, दगडासारख्या घट्ट गाठीचा उल्लेख वाताष्ठीला या नावाने केला आहे. उतारवयात लघवी अडणे हा पुरुषांचा जुना शत्रू. तथापि ती अडवणारी गाठ निरुपद्रवी वाढ आहे की कर्करोग आहे, हे ठरविण्याचे साधन सूक्ष्मदर्शक हाती येईपर्यंत कोणापाशीच नव्हते.

१८५३ साली लंडन हॉस्पिटलमधील जॉन ॲडम्स या शल्यचिकित्सकाने या ग्रंथीच्या कर्करोगाचा एक रुग्ण सूक्ष्मदर्शकाच्या पुराव्यासह नोंदविला. अशी पक्की नोंद ती पहिलीच मानली जाते. हा रोग अत्यंत विरळा आहे, असा शेरा त्याने मारला. आज अनेक देशांत पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत ज्याची गणना पहिल्या क्रमांकांत होते, त्या रोगाविषयीचा हा शेरा वाचून आश्चर्य वाटते. परंतु त्यात ॲडम्सची चूक फारशी नव्हती. हा रोग उतारवयाचा आहे, आणि त्या काळी उतारवय गाठणारेच थोडे होते. भारताचेच उदाहरण घ्यावयाचे तर स्वातंत्र्याच्या सुमारास येथील सरासरी आयुर्मर्यादा ३२ वर्षांच्या आसपास होती. आज ती सत्तरीच्या घरात आहे. आयुष्य लांबले, तसतसा हा रोग दिसू लागला. म्हणजे एका अर्थी तो दीर्घायुष्याच्या पाठोपाठ आलेला रोग होय.

त्यावरील पहिला मोठा उपाय शस्त्राचाच होता. १९०४ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी संपूर्ण ग्रंथी समूळ काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. त्या वेळी मदतीस प्रत्यक्ष विल्यम हॅलस्टेड हे नामांकित शल्यचिकित्सक उभे होते. रोग ग्रंथीच्या आत असेल तोवर तो काढून टाकावा, हा विचार सरळ होता. परंतु ग्रंथीला खेटूनच लघवीवर ताबा ठेवणारे स्नायू असतात आणि पुरुषाच्या कामशक्तीस आवश्यक असे मज्जातंतूही तेथूनच जातात. त्यामुळे जगलेल्या रुग्णांपैकी अनेकांचा लघवीवरील ताबा सुटे, आणि कामशक्ती तर बहुधा नाहीशीच होई. ते तंतू नेमके कोठून जातात हे शोधून त्यांना वाचविणारी शस्त्रक्रिया पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये केली. मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षे गेली होती.

याच संस्थेत १९३५ साली एक असे निरीक्षण झाले की, ज्याचे महत्त्व पुढे अर्धशतकाने ध्यानात आले. अर्नॉल्ड रिच या विकृतिशास्त्रज्ञाने पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांच्या शवपरीक्षांचा अभ्यास केला. ही माणसे निरनिराळ्या कारणांनी मृत्यू पावली होती. तरीही त्यांच्यापैकी सुमारे १४ टक्के पुरुषांच्या ग्रंथीत कर्करोगाचे छोटे केंद्र आढळले. पुढील काळात ग्रंथीचे अधिक बारीक काप घेऊन पाहणाऱ्या संशोधकांना हे प्रमाण याहून बरेच अधिक असल्याचे दिसले. वयाबरोबर ते वाढतच जाते. याचा अर्थ असा की, हा कर्करोग असंख्य पुरुषांच्या देहात निद्रिस्त असतो. माणूस तो बरोबर घेऊन जगतो आणि शेवटी दुसऱ्याच कशाने तरी मरतो. उलट काही थोड्यांत तोच रोग जागा होतो, हाडांत शिरतो आणि अतिशय वेदनादायक मृत्यू घडवून आणतो. नाव एक, पण स्वभाव दोन. पुढील सर्व संशोधनाचा झगडा या दोन स्वभावांना वेगळे ओळखण्याचा आहे.

हाडांत शिरलेल्या रोगापुढे शस्त्र निष्प्रभ होते. त्या अंधारात पहिला दिवा लागला तो शिकागो विद्यापीठात. कॅनडात जन्मलेले चार्ल्स हगिन्स हे तेथे कुत्र्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीतील स्रावाचा अभ्यास करीत होते. माणसाप्रमाणेच कुत्र्याच्याही या ग्रंथीत वार्धक्यात गाठी उद्भवतात. प्रयोगात अशी गाठ असलेला कुत्रा आला की, हिशेब चुके आणि संशोधकांना वैताग येई. परंतु त्या वैतागाचेच हगिन्स यांनी संशोधनात रूपांतर केले. अशा कुत्र्यांची वृषणे काढली असता गाठी आकसतात, असे त्यांना दिसले. ग्रंथीची वाढ वृषणांतील संप्रेरकावर अवलंबून असते, हे जॉन हंटर यांनी अठराव्या शतकातच प्राण्यांवरून ताडले होते. पण कर्करोग हा कोणाच्याही आज्ञेबाहेर गेलेला रोग, अशी त्या काळची दृढ समजूत होती. तो शरीराच्या संप्रेरकांचे अजूनही ऐकतो, ही कल्पनाच नवी होती.

१९४१ साली हगिन्स आणि त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी हे माणसांत सिद्ध केले. रक्तातील ॲसिड फॉस्फटेज नावाच्या विकराचे प्रमाण या रोगाचा फैलाव झाला असता वाढते, हे अलेक्झांडर आणि एथेल गटमन यांनी १९३८ साली दाखविले होते. वृषणे काढल्यावर, किंवा स्त्री-संप्रेरक दिल्यावर, ते प्रमाण झपाट्याने उतरते, असे हगिन्स यांना आढळले. रुग्णांच्या हाडांतील ठणका कमी झाला. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून बसली. दूरवर पसरलेला कर्करोग शरीरातील रसायनांच्या द्वारे आटोक्यात आणता येतो, हे त्यावरून प्रथमच प्रस्थापित झाले. या कार्याबद्दल १९६६ साली हगिन्स यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. पहिल्या २१ रुग्णांपैकी चौघे बारा वर्षांहून अधिक जगल्याचे त्यांनी नमूद केले आहे. परंतु त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की, उरलेल्या सतरांचे आयुष्य तितके लांबले नाही. बहुतेकांत रोग काही काळ दबतो आणि पुन्हा उठतो. पुढे वृषणे न काढताही तोच परिणाम घडविणारी इंजेक्शने आली आणि २००४ नंतर आयुष्य काही अंशी लांबविणारी नवी औषधेही आली. परंतु पसरलेला रोग निखालस बरा करण्याचे कार्य अद्याप साधलेले नाही.

येथे इतिहासाला एक महत्त्वाचे वळण लागते. हगिन्स यांच्या यशानंतर स्त्री-संप्रेरकाच्या गोळ्या सर्रास दिल्या जाऊ लागल्या. रोग दबत होता हे प्रत्येक वैद्य डोळ्यांनी पाहत होता. मग शंका घेण्यास जागा कोठे होती? १९६० साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी एकत्र येऊन एक तुलनात्मक अभ्यास आरंभिला. कोणाला कोणता उपचार मिळावा हे वैद्याच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरविण्यात आले. १९६७ साली निष्कर्ष बाहेर आले, तेव्हा असे दिसले की, दररोज पाच मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांत कर्करोगाचे मृत्यू कमी होते खरे. पण हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढले होते. एका दाराने वाचविलेला माणूस दुसऱ्या दाराने निघून जात होता. वैद्य आपापला रुग्ण पाहत होता, म्हणून त्याला हे दिसत नव्हते. रोगाची मोजणी वेगळी आणि माणसांची मोजणी वेगळी, हा धडा येथे प्रथम स्वच्छपणे मिळाला.

याच सैनिक-रुग्णांच्या ऊतकांवरून मिनिआपोलिसचे डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली रोगाची प्रतवारी सुचविली. एकेका पेशीत फार न शिरता, ग्रंथीची घडण किती बिघडली आहे हे त्यांनी कमी शक्तीच्या भिंगातून पाहिले आणि पाच पायऱ्या ठरविल्या. जी दोन रूपे अधिक प्रमाणात दिसतील, त्यांचे अंक मिळवून बेरीज करावयाची. ही बेरीज आणि रुग्णांचे प्रत्यक्ष आयुष्य यांचा मेळ बसला. रोग सौम्य की उग्र, याचा अंदाज बांधण्याचे पहिले भरवशाचे साधन वैद्यांच्या हाती आले, आणि काही सुधारणांसह ते आजही वापरले जाते.

तथापि ऊतक तपासण्यासाठी आधी संशय तरी यावयास हवा. गुदमार्गातून बोटाने चाचपून गाठ हाताला लागली, तरच संशय येई. आणि ती लागेपर्यंत पुष्कळदा वेळ निघून गेलेली असे. हा अडसर रक्ताच्या एका तपासणीने दूर केला. प्रोस्टेट ग्रंथीत एक विशिष्ट प्रथिन असते, ही गोष्ट १९७० साली रिचर्ड ॲब्लिन यांनी नोंदविली. १९७९ साली बफलो येथील रॉसवेल पार्क संस्थेतील संशोधकांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पीएसए या आद्याक्षरांनी ते आज ओळखले जाते. उपचार झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी या तपासणीला अमेरिकेत १९८६ साली मान्यता मिळाली, आणि १९९४ साली रोग शोधण्याच्या कामीही ती मान्य झाली. प्रत्यक्षात मधल्या काळातच लक्षावधी निरोगी पुरुषांनी ती करून घेतली होती. एका मिलिलिटर रक्तात चार नॅनोग्रॅमहून अधिक पीएसए आढळले की, पुढची पायरी बायॉप्सीची, म्हणजे सुईने ग्रंथीचे तुकडे काढून तपासण्याची, असा शिरस्ता पडला.

परंतु पीएसए हे कर्करोगाचे नव्हे, ग्रंथीचे लक्षण आहे. ग्रंथीची साधी वाढ झाली किंवा तिला सूज आली, तरी ते वाढते. पुढे युरोपातील मोठ्या चाचणीत असे दिसले की, पीएसए वाढले म्हणून ज्यांची बायॉप्सी झाली, त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश तपासण्यांत कर्करोग आढळलाच नाही. उलट २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, ज्यांचे पीएसए चारच्या आत होते अशांपैकीही सुमारे १५ टक्के पुरुषांत बायॉप्सीने कर्करोग दाखविला. म्हणजे ही चाळणी धान्यही खाली सोडी आणि खडेही वर ठेवी. तरी अमेरिकेत नव्या रुग्णांची संख्या भराभर वाढली आणि १९९२ साली ती शिखरास पोचली. इतकी माणसे अचानक आजारी पडली नव्हती. १९३५ साली रिच यांना शवांत दिसलेला तो निद्रिस्त रोग आता जिवंत माणसांत दिसू लागला होता. ज्यांना दिसला, त्यांच्यापैकी बहुसंख्यांवर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झाले.

या काळातील आकडे मोठे उत्साहवर्धक होते. रोग सापडल्यानंतर पाच वर्षे, दहा वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण वर चढत होते. मग हे यश नव्हे काय? येथे विचाराची दोन भुयारे आहेत, आणि त्यांत भल्याभल्यांची वाट चुकली. समजा, एका गृहस्थास सत्तराव्या वर्षी हाडे दुखू लागली, तेव्हा रोग कळला आणि पंचाहत्तराव्या वर्षी तो वारला. रोग कळल्यावर तो पाच वर्षे जगला. त्याच गृहस्थाचा रोग रक्ताच्या तपासणीने बासष्टाव्या वर्षीच कळता आणि तो पंचाहत्तराव्या वर्षीच वारता, तर तो तेरा वर्षे जगला असे कागदावर दिसले असते. पाहुणा येणार असल्याचे पत्र आठ दिवस आधी आले, म्हणून पाहुणा आठ दिवस उशिरा येत नाही. दुसरे भुयार असे. एखाद्या धर्मशाळेत महिन्यातून एकदाच डोकावणाऱ्यास तेथे महिनोन्‌महिने राहणारे लोक भेटतात. एका रात्रीपुरते येऊन पहाटे निघून जाणारे त्याला भेटतच नाहीत. ठराविक काळाने केलेल्या तपासणीतही मंद गतीचे रोगच अधिक सापडतात. जे उग्र असतात ते दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच उद्भवतात आणि पुढे निघून जातात. म्हणून तपासणीत सापडलेले रुग्ण अधिक काळ जगले, एवढ्यावरून तपासणीने त्यांना जगविले असे म्हणता येत नाही.

न्यूयॉर्कमधील या विषयाचे जाणते शल्यचिकित्सक विलेट व्हिटमोर यांनी सारा पेच एका प्रश्नात मांडून ठेवला होता. ज्यांना बरे करण्याची खरी गरज आहे त्यांना बरे करणे शक्य आहे काय, आणि ज्यांना बरे करणे शक्य आहे त्यांना त्याची गरज आहे काय, असा तो प्रश्न. १९९५ साली व्हिटमोर यांचा मृत्यू झाला तो याच रोगाने.

या प्रश्नाला तर्काने उत्तर मिळण्यासारखे नव्हते. हजारो निरोगी पुरुषांचे यदृच्छेने दोन भाग करावयाचे, एका भागाची तपासणी करावयाची, दुसऱ्याची करावयाची नाही, आणि मग वर्षानुवर्षे केवळ मृत्यू मोजावयाचे, हाच मार्ग उरला होता. १९९० च्या दशकात युरोपात आणि अमेरिकेत अशा दोन प्रचंड चाचण्या सुरू झाल्या. मार्च २००९ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोहोंचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते परस्परविरुद्ध निघाले. युरोपातील चाचणीत ५५ ते ६९ वयाचे सुमारे १,६२,००० पुरुष होते. सरासरी नऊ वर्षांनंतर तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होते. अमेरिकेतील ७६,००० हून अधिक पुरुषांच्या चाचणीत मात्र काहीच लाभ दिसला नाही. अमेरिकन चाचणीतील उणीव पुढे उघड झाली. ज्यांची तपासणी करावयाची नव्हती, त्या गटातील बहुतेकांनी ती स्वतः होऊन बाहेर करून घेतली होती. तपासलेल्यांची तुलना तपासलेल्यांशीच झाली होती.

युरोपातील यशाचा हिशेबही बारकाईने पाहावा लागतो. २००९ सालच्या गणनेप्रमाणे एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० पुरुषांना तपासणीस बोलवावे लागले आणि ४८ जणांवर अधिक उपचार करावे लागले. त्या अठ्ठेचाळिसांतील एकाचा प्राण वाचला. उरलेल्या सत्तेचाळिसांना उपचाराचे दुष्परिणाम सोसावे लागले आणि आपण त्या एकात होतो की नव्हतो, हे त्यांना कधीच कळले नाही. रोगापेक्षा औषध भयंकर, ही म्हण अशा वेळी आठवते. २०१० साली खुद्द रिचर्ड ॲब्लिन यांनीच सरसकट तपासणीविरुद्ध जाहीर लेखन केले. २०१२ साली प्रतिबंधक उपायांविषयी सल्ला देणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने ही तपासणी कोणत्याही वयात सरसकट करू नये, असे सांगितले. पण लंबक दुसऱ्या टोकाला गेला, तेव्हा पुढील वर्षांत त्या देशात पसरलेल्या अवस्थेत सापडणाऱ्या रोगाचे प्रमाण वाढू लागले. २०१८ साली मंडळाने आपला सल्ला बदलला. ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने वैद्याशी बोलून, लाभ आणि हानी समजून घेऊन स्वतः निर्णय करावा. सत्तरीनंतर तपासणी करू नये, असे त्याने सुचविले.

दरम्यान युरोपातील मोजणी चालूच होती. सरासरी २३ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२५ साली आले. मृत्यूंतील घट १३ टक्के राहिली; परंतु एक मृत्यू टाळण्यासाठी बोलवावयाच्या पुरुषांची संख्या ४५६ वर, आणि अधिक निदानांची संख्या १२ वर उतरली. रोग मंद असल्यामुळे लाभही मंदगतीने पदरात पडतो, हे त्यावरून दिसते. ब्रिटनमध्ये चार लाखांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत केवळ एकदाच तपासणीचे बोलावणे धाडले होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत १५ वर्षांनंतर या रोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण बोलावलेल्यांत ०.६९ टक्के, तर इतरांत ०.७८ टक्के होते. लाभ आहे, पण तो दर हजारी एका माणसाहूनही कमी आहे.

तपासणीचा प्रश्न असा धसास लागत असताना उपचाराचाही प्रश्न तितक्याच निष्ठेने हाती घेतला गेला. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वयाच्या ८२,४२९ पुरुषांची पीएसए तपासणी झाली. २,६६४ जणांत ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग सापडला. त्यांच्यापैकी १,६४३ जणांनी आपला उपचार यदृच्छेने ठरविला जावा यास संमती दिली. एका भागावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर किरणोपचार, आणि तिसऱ्यावर उपचार न करता केवळ नियमित देखरेख. कर्करोग झाला आहे हे ऐकलेल्या माणसाने अशी संमती देणे ही सामान्य गोष्ट नव्हे. आरंभी निम्म्याहून कमी लोक ती देत. मग जेनी डोनोव्हन यांनी वैद्य आणि रुग्ण यांची संभाषणे काळजीपूर्वक ऐकली. तेव्हा उमगले की, अडचण शब्दांत होती. देखरेखीला वैद्य 'लक्ष ठेवून वाट पाहणे' अशा अर्थाचे नाव देत. रुग्ण त्याचा अर्थ असा करीत की, आपण मरत असताना वैद्य नुसते पाहत बसणार. तेव्हा नाव बदलून 'सक्रिय देखरेख' केले, तिन्ही मार्ग सारख्याच आस्थेने समजावून देण्यास सुरुवात केली, आणि संमती देणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत गेले. विज्ञानाचा एक मोठा अडसर असा भाषेच्या दुरुस्तीने दूर झाला.

१५ वर्षांनंतर, २०२३ साली, उत्तर आले. १,६४३ पुरुषांपैकी ३५६ जण निरनिराळ्या कारणांनी मृत्यू पावले होते. त्यांत या कर्करोगाने मेलेले केवळ ४५ होते. देखरेखीच्या गटात ३.१ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात २.२ टक्के, किरणोपचाराच्या गटात २.९ टक्के, हा फरक निर्णायक नव्हता. रोग दूरवर पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीच्या गटात ९.४ टक्के, म्हणजे इतरांच्या जवळजवळ दुप्पट होते. ते विसरून चालणार नाही. देखरेखीतील बहुतेकांनी पुढे केव्हातरी उपचार करून घेतला. परंतु सुमारे एक-चतुर्थांश पुरुष पंधरा वर्षांनंतरही कोणत्याच उपचारावाचून जिवंत होते. दुसऱ्या पारड्यात शस्त्रक्रियेची किंमत होती. सहा महिन्यांनी या गटातील ४६ टक्के पुरुषांना लघवी झिरपते म्हणून घडी वापरावी लागत होती आणि सहा वर्षांनीही १७ टक्क्यांना ती लागतच होती.

यावरून शस्त्रक्रिया व्यर्थ आहे असे मात्र समजू नये. स्वीडन, फिनलंड आणि आइसलंड येथे १९८९ ते १९९९ या काळात ६९५ पुरुषांवर झालेल्या चाचणीत, २९ वर्षांच्या अखेरीस, शस्त्रक्रियेमुळे आयुष्यात सरासरी २.९ वर्षांची भर पडली होती. दोन चाचण्यांचे निष्कर्ष भिन्न का? उत्तर सोपे आहे. स्कँडिनेव्हियातील रुग्णांचा रोग पीएसएच्या चाळणीने नव्हे, तर मुख्यतः गाठ हाती लागल्यामुळे किंवा लक्षणांमुळे कळला होता. तो अधिक पुढे गेलेला होता. म्हणजे शस्त्र तेच, पण ज्याच्यावर चालवावयाचे तो रोग निराळा. जागा झालेल्या रोगावर ते उपकारक ठरले, आणि निद्रिस्त रोगावर पुष्कळदा अनावश्यक.

या दोहोंची निवड करण्याची साधने अलीकडे सुधारली आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ५०० पुरुषांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत बायॉप्सीपूर्वी एमआरआय काढल्याने २८ टक्के पुरुषांची सुई चुकली. इतकेच नव्हे, तर लक्ष देण्याजोगा कर्करोग जुन्या पद्धतीने २६ टक्क्यांत सापडत असे, तो ३८ टक्क्यांत सापडला. आणि क्षुल्लक कर्करोग सापडण्याचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. अधिक शोधण्यापेक्षा योग्य ते शोधणे श्रेयस्कर, या विचाराचा हा पहिला ठळक विजय म्हणता येईल. ग्लीसन यांच्या प्रतवारीतील सर्वांत सौम्य समजल्या जाणाऱ्या रोगाला कर्करोग हे भयप्रद नाव द्यावे की नाही, यावरही आता तज्ज्ञांत गंभीर चर्चा चालू आहे.

भारतातील चित्र याहून वेगळे आहे. मुंबईत १९६३ साली देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग-नोंदणी सुरू झाली, तेव्हापासून येथील रोगांची मोजदाद होत आहे. राष्ट्रीय पातळीवर २०१६ साली जो चाळणी-तपासणीचा आराखडा निघाला, त्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांचा समावेश आहे, प्रोस्टेटचा नाही. येथील पुष्कळ रुग्ण रोग पसरल्यावर, कंबर किंवा पाठीचा मणका दुखू लागल्यावर रुग्णालयात येतात. अमेरिकेत प्रश्न अतिरिक्त निदानाचा होता. येथे तो उशिरा होणाऱ्या निदानाचा आहे. अशा पुढे गेलेल्या रोगाविषयी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील २२४ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली जगापुढे आले. केवळ ग्रंथीवर किरणोपचार करण्याऐवजी ओटीपोटातील लसिकाग्रंथींवरही ते केल्यास, पाच वर्षांनी पीएसएच्या दृष्टीने रोगमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण ८१.२ टक्क्यांऐवजी ९५ टक्के होते. परंतु एकूण आयुर्मानात तोवर फरक दिसला नव्हता, हेही त्या संशोधकांनी तितक्याच स्पष्टपणे नमूद केले. रोगाची मोजणी वेगळी आणि माणसांची वेगळी, हा १९६७ सालचा धडा येथे पाळला गेला.

नीतिकारांचा उपदेश खोटा ठरला काय? तसे म्हणता येणार नाही. लहान असतानाच निपटून काढावा तो शत्रू. परंतु घराच्या कोपऱ्यात निजलेला प्रत्येक जण शत्रू असतोच असे नाही, एवढी पुस्ती त्या उपदेशाला जोडावी लागली. ज्याच्या लघवीतून रक्त जाते, ज्याची हाडे दुखतात, किंवा ज्याच्या वडिलांना वा भावाला हा रोग होऊन गेला आहे, त्याने वैद्याकडे जाण्यास विलंब लावू नये. आणि ज्याला काहीच त्रास नाही, त्याने तपासणी करण्यापूर्वी ती कशासाठी करावयाची आणि तिच्या उत्तरानंतर काय करावयाचे, हे वैद्याला विचारून घ्यावे. हे विचारण्याचा अधिकार त्याला मिळवून दिला तो प्रयोगशाळेतील विद्वानांनी जितका, तितकाच त्या हजारो अनाम पुरुषांनी. आपल्या उपचाराचा कौल त्यांनी यदृच्छेवर सोपविला आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे आपल्या आयुष्याचा हिशेब विज्ञानाला देत राहिले. त्यांच्यापैकी अनेकांना उत्तर ऐकावयास मिळाले नाही. ते उत्तर आज इतरांच्या उपयोगी पडत आहे.